पडद्याबाहेरची अंबुबाई

माझी मावशी अंबुबाई बंगळुरातल्या बायकांच्या एका सरकारी इस्पितळात एकवीस वर्षं आया होती. आमचं घराणं मराठ्यांचं, पण महाराष्ट्र आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. आजोबांच्या आजोबांपासून सगळे इथेच वाढले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मावशीचा नवरा मालोजी शिंपीकाम करायचा. लग्नाला सहा वर्षं होतात न होतात तोच विषमज्वराने गेला. मूलबाळ नव्हतं. मला आई नव्हती, म्हणून मी तिच्याकडे वाढले. पुढची हकिकत तिने मला तिच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत तुकड्यातुकड्याने सांगितली. तिच्यात जी मुलगी आहे तिचं नाव तिने मलाही सांगितलं नाही. मी एकदाच विचारलं होतं.

मावशी कामाला लागली तेव्हा पोलिसांनी आणलेल्या बाईचे इस्पितळात फार हाल व्हायचे. कुणी जबरदस्ती केली अशी तक्रार असली की तिला तपासणीसाठी आणायचे आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसवायचे. कारकून खिडकीतून तिचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि कशासाठी आणलंय ते मोठ्याने विचारायचा. रांगेतल्या बायका माना वळवून बघायच्या. तपासणीच्या खोलीला अर्धंच दार होतं. पोलीस दाराशी उभा, डॉक्टरकी शिकणारी चार-पाच मुलं टेबलाच्या पायथ्याशी. बाईला कुणी काही विचारत नसे. मावशी म्हणायची, "जनावरांच्या बाजारात सुद्धा दात बघताना मालक म्हशीच्या मानेवरून हात फिरवतो."

त्रेपन्न साली डॉक्टर कृष्णवेणी आल्या आणि हे बदललं. बाई अंगाने लहानखुरी, आवाज खालचा, पण एकदा बोलली की ते व्हायचंच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी देवाप्पा नावाच्या पोलीस शिपायाला व्हरांड्याच्या टोकाला नेऊन बसवलं. देवाप्पा सुटल्यासारखा जाऊन बसला. तोही चार मुलींचा बाप होता. शिकणाऱ्या मुलांना आत यायचं बंद झालं. दारावर दुपदरी हिरव्या कापडाचा पडदा आला. तो मावशीने मालोजीच्या मशीनवर शिवला. आणि डॉक्टर प्रत्येक बाईला आधी विचारायच्या, तपासू का? नको म्हणालीस तरी कुणी रागावणार नाही, औषधपाणी आम्ही करूच.

हे सगळं बाईला कळेल असं सांगायचं काम मावशीचं. तिला कन्नड यायचं, दखनी यायची, तमिळ आणि तेलुगू कामापुरतं. "अंबक्का, हिला सांग," असं डॉक्टर म्हणाल्या की मावशी त्या बाईच्या उशाशी उभी राहायची, तिचा हात आपल्या हातात घ्यायची आणि कानाशी बोलत राहायची. आता डॉक्टर-अम्मा फक्त बघणार आहेत. आता हात लावतील. आता स्वल्प दुखेल, माझं बोट दाब. आणि शेवटी, खोलीतून बाहेर पडायच्या आधी, ती एक वाक्य ठरलेलं बोलायची: इथलं इथेच राहील. बायका तिला विसरत नसत. एक हमालाची बायको तर पुढे तीन वर्षं संक्रांतीला तीळगूळ घेऊन यायची. कसली ओळख ते मावशीने घरात कधी सांगितलं नाही. मला वाटायचं आमची नातेवाईकच आहे.

मावशीला याचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे. मी खोलीत नसले तर अम्मांचं पान हलत नाही, असं ती म्हणायची.

सत्तावन्न साली एक खटला फिसकटला. तपासणीनंतर बाईचे कपडे कागदात बांधून, लाखेची मोहोर करून पोलिसांकडे द्यायचे असतात. ते पुडकं मावशी बांधायची, आणि त्यावरची चिठ्ठी कारकून वासुदेवराव नंतर केव्हातरी लिहायचे. त्या दिवशी दोन बायकांची दोन पुडकी होती. आरोपीच्या वकिलाने कोर्टात मावशीला उभं केलं आणि विचारलं, यातलं कुठलं कुणाचं? ती म्हणाली, चिठ्ठीवर लिहिलंय. वकील म्हणाला, वाचून दाखवा. तिला सहीपुरती मराठी अक्षरं येत होती, चिठ्ठी इंग्रजी. कोर्टात हसू उमटलं. माणूस सुटला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी शिकलेली नर्स द्या म्हणून वर पत्र पाठवलं.

ती नर्स म्हणजे हेमलता. पुण्याची, सव्वीस वर्षांची. नवरा उपेंद्र सरकारी कारखान्यात इंजिनियर, बिऱ्हाड जयनगरला. तेव्हा जयनगरात घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. हेमलताचं अक्षर मोत्यासारखं, कपडे परीटघडीचे. पुडक्यावर ती तिथल्या तिथे लिहायची, वेळ घालायची, सही करायची, डॉक्टरांची सही घ्यायची. अंगावरची एकेक खूण पट्टीने मोजून कागदावर काढलेल्या आकृतीवर टिपायची. चूक काढायला जागा नव्हती. मावशीने शोधून पाहिली होती.

पहिल्याच दिवशी मावशी तिच्याशी मराठीत बोलली, तर हेमलता हसून म्हणाली, "तुमची मराठी किती गोड आहे हो, कानडी हेल आहे अगदी." ती खरंच कौतुकाने म्हणाली असेल. मावशीने ते वाक्य सोळा वर्षं जपून ठेवलं होतं. मला सांगताना तिने हेमलताचा आवाजसुद्धा काढला.

मग डॉक्टर म्हणाल्या, "अंबक्का, तू आता बाहेर बसून पडदा सांभाळ. आत माणसं जितकी कमी तितकं त्या बाईला बरं." यात वावगं काहीच नव्हतं. मावशी स्टूल घेऊन पडद्याबाहेर बसली. आतलं सगळं ऐकू यायचं. डॉक्टर आणि हेमलता इंग्रजीत बोलायच्या. ते थांबलं की मावशीला वाटायचं, आता हाक येईल. यायची ती साबणासाठी किंवा गरम पाण्यासाठी. दुपारी डॉक्टर आपल्या घरून आलेली कॉफी हेमलताला देऊ लागल्या. पेले विसळायला मावशी.

ती हेमलताच्या चुका मोजायची. दुखणार असलं तरी ही पोर "दुखणार नाही" म्हणते. हात धरते तो मनगटाशी, नाडी बघितल्यासारखा. पेशंटला आधी पाणी द्यायचं तिला सुचत नाही. एकदा हेमलताने तिला विचारलं, घाबरू नकोस याला कन्नडात काय म्हणायचं? मावशी म्हणाली, "हेदरबेडी." ते चुकीचं नव्हतं. पण ते मानाचं, परक्या माणसाशी बोलायचं रूप. रडणाऱ्या मुलीला कुणी तसं म्हणत नाही, तिला "हेदरबेडा" म्हणतात. पुढे कितीतरी महिने हेमलता टेबलावरच्या बायकांना "घाबरू नका" म्हणत राहिली, आणि मावशी पडद्याबाहेर बसून ते ऐकत राहिली.

अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर ती मुलगी आली. वीस-एकवीस वर्षांची. बाप विणकर, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला, म्हणून ती अगरबत्तीच्या कारखान्यात जायची. लग्न ठरलेलं होतं. कारखान्याच्या मेस्त्रीने, म्हणजे मुकादमाने, तिला हिशेबाला म्हणून मागच्या खोलीत बोलावलं होतं. देवाप्पाने तिला आणि तिच्या आईला व्हरांड्यात आणून सोडलं आणि तो टोकाला जाऊन पाठमोरा बसला. मुलगी कुणाकडे बघत नव्हती. मावशीने तिला पाणी दिलं. तिने पेला दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायली नाही. मावशीला वाटलं, ही माझी आहे. हिला माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.

तिला आत नेलं. बराच वेळ आतून काही आवाज नाही. डॉक्टरांनी विचारलं, उत्तर नाही. परत विचारलं, नाही. मावशी स्टुलावरून उठून उभीच राहिली. आता "अंबक्का" म्हणून हाक येणार होती. तिने पदराला हात पुसून घेतले.

हाक आली नाही. आत खुर्ची सरकली, आणि पडद्याच्या फटीतून मावशीला दिसलं की हेमलता परीटघडीच्या कपड्यांनिशी खाली फरशीवर बसली आहे, मुलीच्या पायांशी. काही बोलत नव्हती. नुसती बसली होती. खूप वेळाने मुलगी बोलू लागली, आणि मग सगळं बोलली. हेमलता आपल्या मोडक्या कन्नडात मधून एखादा शब्द विचारायची. तपासणी झाली, पुडकं बांधून झालं, मोहोर झाली. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने हेमलताचा हात धरलेला होता, आणि फाटकापर्यंत तो सोडला नाही. मावशीसमोरून गेली. पाण्याचा पेला बाकावर तसाच होता.

मावशी मला म्हणाली, "त्या पोरीचं काय झालंय ते मला ठाऊक होतं. तरी मला वाटत होतं ते एवढंच, की माझ्याशिवाय झालं."

त्या रविवारी ती कब्बनपेटेत नणंदेकडे गेली. अहल्या तिच्या मालोजीची धाकटी बहीण, बोलकी, चार घरांत ऊठबस असणारी. मावशी गेली होती ती हेमलताबद्दल बोलायला. आठवडाभर साचलेलं होतं. ती म्हणाली, कालची पोर, भाषा येत नाही, आणि अम्मा तिला डोक्यावर घेऊन नाचतात. अहल्या म्हणाली, असेल हुशार. मावशीला ते सहन झालं नाही.

"हुशार कसली, वन्सं? परवा तुमच्याच पेठेतली पोर आली होती. बाप विणकर, अंथरुणावर; पोर अगरबत्तीच्या कारखान्यात जाते. मेस्त्रीनं नासवलेली. मी असते तर दोन मिनिटांत बोलती केली असती. हिला तासभर लागला."

नाव तिने घेतलं नाही. नाव न घेतल्याचा तिला तेव्हा आधारही वाटला. पण कब्बनपेटेत अंथरुणावर पडलेला विणकर आणि कारखान्यात जाणारी लग्नाची मुलगी असं घर एकच होतं. अहल्या "सरी, बरं," म्हणाली, आणि कॉफी करायला उठली.

आठ दिवसांत नळावर सगळ्यांना कळलं होतं. कारखान्यात तिच्या शेजारी बायका बसेनात. मुलाकडच्यांनी निरोप पाठवून लग्न मोडलं. मग एका सकाळी मुलीचा बाप शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून इस्पितळात आला. त्याला धड उभंही राहवत नव्हतं. डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही. एवढंच म्हणाला, "अम्मा, या भिंतीबाहेर जाणार नाही असं तुम्ही माझ्या बायकोला सांगितलं होतंत. आता आम्ही कोर्टात येणार नाही." मावशी पडद्याबाहेर स्टुलावर बसून ऐकत होती.

चौकशी लागली. खोलीत होत्या दोघी, डॉक्टर आणि हेमलता. वासुदेवरावांच्या हाती फक्त कागद गेला होता, तोही पाकिटात बंद. तेव्हा बोट हेमलताकडे वळलं. बाहेरून आलेली, तरुण, नवऱ्याच्या कारखान्यात शेकडो माणसं. घरी बोलली असेल. तिला दोनदा वर बोलावलं. तिचा नवराही एकदा येऊन भांडून गेला. मावशीला कुणी काही विचारलं नाही. ती आत नव्हती.

"मला बरं वाटलं," मावशीने मला सांगितलं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, गव्हातले खडे काढत होती. अकरा दिवस तिला बरं वाटलं. हेमलता भांडी उकळायच्या खोलीत तोंड फिरवून रडायची, आणि मावशी दारातून दोनदा जास्त जायची-यायची. हेमलताला चौकशी संपेपर्यंत वॉर्डात पाठवलं. डॉक्टरांनी कॉफीचा पेला मावशीपुढे केला. आणि बाराव्या दिवशी पोलीस एका बाईला घेऊन आले, तेव्हा आतून हाक आली: "अंबक्का."

ती आत गेली. बाई चाळिशीची होती, दखनी बोलणारी. मावशी उशाशी उभी राहिली, हात हातात घेतला, सगळं नेहमीसारखं सांगितलं. बाईने तिचं बोट दाबून धरलं. इतके महिने जे हवं होतं ते मिळालं होतं. शेवटी बाई उठून बसली, पदर सावरला, आणि मावशीकडे बघत राहिली. मावशीने तोंड उघडलं. इथलं इथेच राहील, एवढं म्हणायचं होतं. ते येईना. बाई वाट बघत होती. मावशीने तिला चपला पुढे करून दिल्या आणि पडदा बाजूला धरला.

बाई गेल्यावर डॉक्टर हात धुवत होत्या. मावशी म्हणाली, "अम्मा, मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"त्या मुलीचं. नणंदेला सांगितलं. हेमलतानं नाही."

डॉक्टरांनी नळ बंद केला नाही. "का?"

"तिनं हेमलताचा हात धरला म्हणून."

डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिल्या. मग पुसले, आणि म्हणाल्या, "हे वासुदेवरावांपुढे सांग. अंगठा नको, सही कर. तुला येते तेवढी."

तिने सांगितलं आणि मराठीत सही केली. वरच्या साहेबांना तिला काढूनच टाकायचं होतं. डॉक्टरांनी काय मध्यस्थी केली ठाऊक नाही, पण नोकरी राहिली. तिला चादरी-कपड्यांच्या कोठीत पाठवलं. तपासणीच्या खोलीच्या व्हरांड्यात यायला मनाई झाली. त्या दिवशी संध्याकाळी हेमलता कोठीच्या दारात आली. मावशीला वाटलं, ही आता ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल.

हेमलता म्हणाली, "तुम्हाला मी आवडत नव्हते, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं अंबुबाई. पण त्या मुलीनं तुमचं काय केलं होतं?"

मावशी चादरींच्या घड्या घालत राहिली. हेमलता थोडी थांबली आणि गेली. पुढे त्या दोघी एकमेकींशी कामापलीकडे कधी बोलल्या नाहीत.

खटला उभा राहिला तो मुलीच्या साक्षीविना. पट्टीने मोजलेल्या खुणा, मोहोरबंद पुडकं, निर्दोष अक्षरातला कागद, सगळं कोर्टात गेलं आणि तसंच परत आलं. मेस्त्री पुन्हा कारखान्यात जाऊ लागला. मुलीला कुठे दूर, मामाकडे पाठवल्याचं कळलं. डॉक्टरांनी इस्पितळात नवा नियम लावून घेतला: पुडक्यावर आणि कागदावर नुसता आकडा, आणि आकडा कुणाचा ते सांगणारी वही डॉक्टरांच्या कुलपात. व्हरांड्यात नाव पुकारणं बंद. दाराबाहेर बसणाऱ्या बाईचंही नाव आता नोंदलं जाऊ लागलं.

मावशी दहा वर्षं कोठीत राहिली. अहल्येकडे तिने जाणं सोडलं. अहल्येला का ते कळलं, तिने विचारलं नाही. कोठीच्या खिडकीतून व्हरांड्याचं टोक दिसायचं. हेमलता एखाद्या बाईला सोडायला फाटकापर्यंत जाताना दिसली की मावशी हातातली चादर तशीच धरून बघत राहायची. एव्हाना हेमलताला बायकांनीच कन्नड शिकवलं होतं. एकदा वाऱ्यावर तिचा आवाज आला, "हेदरबेडा." मावशी म्हणाली, "मला वाटलं माझ्या तोंडातला घास काढून घेतला. मीच दिला नव्हता, तरी."

चौसष्ट सालची गोष्ट. आमच्या घरी सत्यनारायण होता, आणि नारळ, केळी आणायला मावशी जयनगरच्या बाजारात गेली. नारळांच्या ढिगाशी उभी असताना तिला समोरच्या भाजीवालीपाशी हेमलता दिसली. आणि हेमलताच्या पलीकडे ती मुलगी. अंगाने भरलेली, कडेवर मूल, थोडा पुढे नवरा असावा असा माणूस केळी निवडत होता. हेमलताने त्या मुलीला पाहिलं आणि लगेच नजर वांग्यांकडे वळवली. इस्पितळातली ओळख बाजारात दाखवायची नसते. मावशीलाही तेवढं कळत होतं. पण ती मुलगीच पुढे आली. तिने हेमलताच्या दंडाला हात लावला. दोघी बोलू लागल्या. हेमलताने मुलाचा गाल कुरवाळला. नवरा जवळ आला तेव्हा मुलीने त्याला काहीतरी सांगितलं, हसून, आणि त्याने हेमलताला नमस्कार केला.

मावशी नारळांच्या ढिगाआड खाली बसली. तिला त्या मुलीचे पाय धरायचे होते. पण इस्पितळातल्या आयेने भर बाजारात कुणाचे पाय धरले तर नवरा विचारणार, या कोण? म्हणून ती बसून राहिली. तिथून त्या मुलीच्या चपला दिसत होत्या, त्या हलेपर्यंत.

मी तिला विचारलं, तेव्हा पश्चात्ताप झाला असेल ना? माझी अपेक्षा होती ती हो म्हणेल.

"तो घरी आल्यावर," मावशी म्हणाली. "तिथं आधी जळफळाटच झाला. मला वाटत होतं, तिनं दंडाला लावलेला हात माझ्या दंडाला लागायला हवा होता. एवढं सगळं झाल्यावर सुद्धा. काय करू, तसंच वाटलं."

मला ती दुपार आठवते. मी चौदा वर्षांची होते. मावशी बस सोडून जयनगरहून चालतच घरी आली, पिशवी रिकामी. नारळ कुठे, असं मी विचारलं. बाजारात फार गर्दी होती, ती म्हणाली, आणि मलाच कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन नारळ आणायला पाठवलं.